घटक ४ : लघुव्यवसायासाठी संकेतस्थळाची निवड

४.० उद्दिष्टे

ह्या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• लघुव्यवसायासाठी उपयोगी पडणाऱ्या संकेतस्थळांचे मुख्य प्रकार सांगता येतील.
• ग्राहकाकडून अपेक्षित असलेल्या कृतीवरून योग्य प्रकार ठरवता येईल.
• संकेतस्थळाच्या खर्चाचा आणि श्रमांचा साधा हिशेब मांडता येईल.
• डोमेन नावाची मालकी आणि विक्रेत्याच्या जबाबदाऱ्या यांचे महत्त्व स्पष्ट करता येईल.
• संकेतस्थळासाठी नेमका व शोधता येईल असा मराठी मजकूर लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, दुकानावरची पाटी, माहितीपत्रक आणि वर्तमानपत्रातील छोटी जाहिरात ही व्यावहारिक मराठीची परिचित क्षेत्रे आहेत. संकेतस्थळ हे त्यांच्याच कुळातले नवे माध्यम होय. मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. पाटी एकदा रंगवली की वर्षानुवर्षे चालते. संकेतस्थळ मात्र सतत अद्ययावत ठेवावे लागते आणि त्याचे भाडे दरवर्षी भरावे लागते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सोलापुरात एक गृहिणी शेंगाचटणी तयार करून विकते. कांडपयंत्र घेण्यासाठी तिने तीस हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. कोणीतरी तिला सांगते, ‘आता सगळे ऑनलाइन झाले आहे. आधी संकेतस्थळ करा.’ त्या पैशांतून संपूर्ण ऑनलाइन दुकान उभे राहते. आठ महिन्यांनंतर काय दिसते? शेंगदाण्याचा भाव वाढला, पण स्थळावर जुनीच किंमत आहे. संपलेला लसूण-चटणीचा प्रकार अजूनही ‘उपलब्ध’ दिसतो. पैसे भरलेला ग्राहक फोन करून विचारणा करतो आणि उत्तर देताना तिची अडचण होते. यंत्र आले नाही ते नाहीच, शिवाय इतक्या वर्षांत कमावलेला विश्वासही उणावला.

येथे चूक ऑनलाइन येण्याची नव्हती, प्रकार निवडण्याची होती. लघुव्यवसायात भांडवल हे बहुधा घरच्या बचतीतून येते. म्हणूनच ‘संकेतस्थळ हवे का?’ यापेक्षा ‘कोणत्या प्रकारचे हवे?’ हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो. त्याचे उत्तर कसे शोधावे, हे या घटकात पाहावयाचे आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ निवडीचे सूत्र : ग्राहकाची अखेरची कृती

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत विश्वव्यापी जालाची कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये पहिले संकेतस्थळ जगापुढे खुले झाले. ते केवळ माहिती देणारे होते. आज त्याच जालावर खरेदी, आरक्षण, शिक्षण आणि बँकव्यवहार चालतात. साहजिकच ‘संकेतस्थळ’ या एका शब्दाखाली परस्परांहून अगदी भिन्न गोष्टी येतात.

त्यांतून निवड करताना प्रथम रंग, चित्रे किंवा तंत्रज्ञान यांचा विचार करू नये. स्वतःला दोन प्रश्न विचारावेत :

पहिला प्रश्न – स्थळ पाहून झाल्यावर ग्राहकाने अखेर नेमके काय करावे, अशी माझी अपेक्षा आहे? फोन करावा, भेटीस यावे, नमुने पाहून विचारणा करावी, तारीख राखून ठेवावी की तिथल्या तिथे पैसे भरून वस्तू मागवावी?

दुसरा प्रश्न – ही कृती पुरी होण्यासाठी स्थळावर जे बदलत राहावे लागेल, ते दर आठवड्याला कोण बदलणार?

पहिला प्रश्न संकेतस्थळाचा प्रकार ठरवतो, तर दुसरा त्याची मर्यादा घालून देतो. ग्राहकाची अपेक्षित कृती पार पाडणारे आणि आपल्याला निभावता येणारे सर्वांत लहान स्थळ तेच योग्य स्थळ, असे या घटकाचे मुख्य सूत्र सांगता येईल.

४.२.२ संकेतस्थळांचे पाच प्रकार

(१) एकपानी परिचयस्थळ : व्यवसायाचे नाव, काय मिळते, कोठे मिळते, वेळ, फोन क्रमांक आणि एखादे छायाचित्र एवढेच येथे असते. नळदुरुस्ती करणारा, शिवणकाम करणारी, पिठाची गिरणी चालवणारा यांच्या ग्राहकाला बहुधा एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे फोन क्रमांक. अशांना एक पान पुरते. त्याच्या जोडीला गूगल नकाशावर व्यवसायाची नोंद केल्यास जवळपास शोधणाऱ्या ग्राहकाला पत्ता सापडतो. या नोंदीसाठी शुल्क पडत नाही. अनेक व्यवसायांची गरज तर या नोंदीनेच भागते, हेही ध्यानात ठेवावे.

(२) माहितीपर स्थळ : यात अनेक पाने असतात. ‘आमच्याविषयी’, ‘सेवा’, ‘दर’, ‘नेहमीचे प्रश्न’, ‘संपर्क’ अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. ग्राहक निर्णय घेण्यापूर्वी विचार करतो, तुलना करतो, घरच्यांशी बोलतो, अशा व्यवसायांना हा प्रकार मानवतो. शिकवणी वर्ग, करसल्लागार, सौरऊर्जा संच बसवणारे व्यावसायिक ही त्याची उदाहरणे होत.

(३) कामाचे दालन : येथे शब्दांपेक्षा नमुने बोलतात. नाशिकमधील एखाद्या सुताराचा विचार करा. ‘उत्तम व सुबक काम करून मिळेल’ या वाक्यापेक्षा त्याने बनवलेल्या सागवानी देवघराची पाच छायाचित्रे ग्राहकाला अधिक सांगतात. प्रत्येक छायाचित्राखाली लाकूड कोणते, माप किती, काम किती दिवसांत पुरे झाले, हे लिहिले की विचारणा नेमकी होते. छायाचित्रकार, रांगोळी व मेंदी कलाकार, अंतर्गत सजावटकार यांनाही हाच प्रकार उपयुक्त ठरतो.

(४) नोंदणी किंवा आरक्षणाचे स्थळ : येथे वेळ, जागा किंवा आगाऊ मागणी नोंदवली जाते. तारकर्लीला तीन खोल्यांचे पर्यटक-निवासस्थान चालवणाऱ्या कुटुंबाला हवी असते ती रिकाम्या तारखांची अचूक नोंद. याच ठिकाणी धोकाही आहे. एकच खोली प्रवास-आरक्षणाच्या मोठ्या स्थळावरही दिली, फोनवरही दिली आणि तारखांची वही दोन्हीकडे जुळवली नाही, तर रात्री नऊ वाजता दोन कुटुंबे एकाच दारात उभी राहतात. तेव्हा सर्व आरक्षणे एकाच दिनदर्शिकेत येतील अशी सोय असेल तरच हा प्रकार निवडावा.

(५) ऑनलाइन दुकान : वस्तूंची यादी, किंमत, शिल्लक माल, पैसे भरण्याची सोय, पाठवणी आणि परतावा एवढी सारी व्यवस्था यात असते. हा सर्वांत मोठा आणि सर्वांत जास्त देखभाल मागणारा प्रकार होय. ज्याचा माल ठरावीक मापाचा आहे, प्रवासात टिकतो, सतत उपलब्ध असतो आणि ज्याची मागणी दूरवरून नियमित येते, त्याला तो लाभतो.

चौथ्या व पाचव्या प्रकारांतील फरक देवगडच्या हापूस बागायतदाराच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. आंबा ही विकण्याची वस्तू, म्हणून ऑनलाइन दुकान हवे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु हापूसचा मुख्य हंगाम साधारणतः मार्च ते मे असा मोजक्या आठवड्यांचा असतो. फळ एकदम तयार होत नाही. काढणी टप्प्याटप्प्याने होते, मग अढी लावायची, आणि अवकाळी पाऊस आला तर सगळेच गणित बदलते. ‘आज किती डझन शिल्लक?’ या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर बागायतदारालाही देता येत नाही. ऑनलाइन दुकान मात्र नेमका तोच आकडा मागते. म्हणून त्याच्यासाठी आगाऊ नोंदणीचे स्थळ योग्य. ग्राहकाने नाव, गाव, डझन आणि पसंतीचा पंधरवडा नोंदवावा. पेटी तयार झाल्यावर बागायतदाराने कळवावे आणि मग पैसे घ्यावेत. सारांश, विकण्याची वस्तू आहे म्हणून दुकान, असा सरळ नियम नाही. मालाचा स्वभावही पाहावा लागतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) संकेतस्थळाचा प्रकार कोणत्या प्रश्नावरून ठरतो?
(आ) सुताराला कामाचे दालन का उपयुक्त ठरते?
(इ) हापूस बागायतदाराला ऑनलाइन दुकानापेक्षा आगाऊ नोंदणी सोयीची का?

४.२.३ ऑनलाइन बाजारपेठ की स्वतःचे स्थळ?

अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांसारख्या ऑनलाइन बाजारपेठांत जागा घेणे हा आणखी एक पर्याय. आठवडी बाजारात पाल ठोकून बसणे आणि स्वतःच्या गाळ्यात दुकान मांडणे यांत जो फरक, तोच येथे आहे. बाजारात गर्दी आयती मिळते, पण शेजारी तोच माल दोन रुपये स्वस्त विकणाराही बसलेला असतो. जागेचे नियम बाजार ठरवतो. विकणाऱ्याचे नाव ग्राहकाच्या लक्षात राहीलच असे नाही. स्वतःच्या स्थळावर नियम आपले आणि ग्राहकाशी नाते थेट, मात्र गर्दी आपणच जमवावी लागते.

समाजमाध्यमांवरील पानालाही हेच लागू पडते. तेथे सुरुवात सोपी असते, परंतु जागा दुसऱ्याची असते. खाते बंद झाले किंवा नियम बदलले तर जमवलेला ग्राहकवर्ग एका दिवसात तुटू शकतो. म्हणून समाजमाध्यम हे आमंत्रणासाठी आणि स्वतःचे छोटे स्थळ हे कायमच्या पत्त्यासाठी, अशी विभागणी हितावह ठरते.

४.२.४ खर्चाचा आणि श्रमांचा हिशेब

संकेतस्थळाचा खर्च म्हणजे ते बनवून देणाऱ्याची मजुरी, एवढाच अर्थ घेऊ नये. डोमेन नावाचे वार्षिक शुल्क, होस्टिंगचे भाडे, पैसे स्वीकारण्याच्या सेवेचा हिस्सा आणि देखभालीचा वेळ हे सारे त्यात येते. आता सोलापूरच्या शेंगाचटणीकडे परत जाऊ. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. तुमच्या व्यवसायाचे आकडे त्या जागी घालून पाहा.

समजा, पाव किलोच्या पाकिटाची किंमत १०० रुपये आणि पाकिटासह उत्पादनखर्च ६५ रुपये आहे. एकच पाकीट मागवले आणि कुरिअरचे ६० रुपये विक्रेतीने सोसले, तर पैसे स्वीकारण्याच्या सेवेचे २ रुपये धरून एकूण खर्च १२७ रुपये होतो. म्हणजे प्रत्येक विक्रीमागे २७ रुपये तोटा. विक्री जितकी वाढेल, तितका तोटा वाढेल.

आता तिने कमीत कमी चार पाकिटांचीच मागणी घेण्याचे आणि कुरिअरचा खर्च ग्राहकाने देण्याचे ठरवले. चार पाकिटांमागे ४०० वजा २६० म्हणजे १४० रुपये उरतात. ऑनलाइन दुकानात पैसे स्वीकारण्याच्या सेवेचे सुमारे १० रुपये गेले, तर १३० रुपये राहतात. दुकानाचा वार्षिक खर्च ९,००० रुपये धरल्यास केवळ तो भरून निघण्यास वर्षाला ७० मागण्या लागतील. याउलट एकपानी स्थळाचा वार्षिक खर्च १,५०० रुपये असेल, मागणी व्हॉट्सअ‍ॅपवर येत असेल आणि पैसे यूपीआयने मिळत असतील, तर ११ मागण्यांत खर्च निघतो.

तर मग ऑनलाइन दुकान कधी परवडते? याचे उत्तर वेळेच्या हिशेबात आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर एका मागणीमागे किंमत सांगणे, पत्ता घेणे, पैसे मिळाल्याची खात्री करणे यात दहा मिनिटे गेली असे धरा. आठवड्याला तीन मागण्या असतील तर अर्धा तास जातो. तो सहज निभतो. दिवसाला बारा मागण्या येऊ लागल्या की रोजचे दोन तास जातात आणि चटणी कुटायला माणूस उरत नाही. तेव्हा दुकानाचे भाडे हे वाचलेल्या वेळेचे मोल ठरते. लहान स्थळ म्हणजे कमीपणा नव्हे, तर वाढीच्या जिन्याची ती पहिली पायरी आहे.

स्थळ कसे बांधावे, याचेही तीन मार्ग आहेत. तयार साच्यांची सेवा भाड्याने घेता येते. त्यात तांत्रिक कटकट कमी, पण भाडे नियमित द्यावे लागते. वर्डप्रेससारखी मुक्त प्रणाली वापरता येते. तिच्यात स्वातंत्र्य अधिक, पण अद्ययावतीकरण व सुरक्षितता यांकडे स्वतः लक्ष पुरवावे लागते. तिसरा मार्ग म्हणजे स्थळ पूर्णपणे नव्याने लिहून घेणे. तो सर्वांत खर्चिक असून बहुतेक लघुव्यवसायांना त्याची आवश्यकता नसते.

४.२.५ मालकी आणि जबाबदाऱ्या

डोमेन नाव म्हणजे जालावरचा पत्ता आणि होस्टिंग म्हणजे त्या पत्त्यावरची जागा. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून घेता येतात. स्थळ बनवून देणारी व्यक्ती अनेकदा सोयीसाठी डोमेन स्वतःच्या नावावर नोंदवते. पुढे मतभेद झाले किंवा तिचा फोन लागेनासा झाला, तर पाटीवर, पाकिटावर आणि पावतीवर छापलेला पत्ताच हातातून जातो. घराचा कर भरायचा आपण आणि सातबारा मात्र दुसऱ्याच्या नावे, असा हा प्रकार होय. म्हणून डोमेनची नोंदणी मालकाच्या नावाने, मालकाच्या ईमेलवर आणि मालकाच्या हाती परवलीचा शब्द राहील अशीच करावी. नूतनीकरणाची तारीख घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. भारतात ‘.इन’ या नावांची व्यवस्था ‘निक्सी’ ही संस्था पाहते. देवनागरीतील ‘.भारत’ हे डोमेनही २०१४ पासून उपलब्ध आहे.

विक्री करणाऱ्यावर कायद्याच्या जबाबदाऱ्याही येतात. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० यांचा रोख असा आहे की, विक्रेता कोण, एकूण किंमत किती, परतावा कसा मिळेल आणि तक्रार कोठे करावी, हे ग्राहकाला स्पष्ट कळले पाहिजे. खाद्यपदार्थ विकणाऱ्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना लागतो. त्याचा क्रमांक १४ अंकी असतो. ग्राहकाचे नाव, पत्ता, फोन क्रमांक ही त्याची खासगी माहिती आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे तिच्या जपणुकीचे भान प्रत्येक व्यावसायिकाने ठेवणे अगत्याचे झाले आहे. तेव्हा मागणी पुरी करण्यास जेवढी लागते तेवढीच माहिती मागावी. चटणीसाठी जन्मतारीख लागत नाही.

४.२.६ मजकुराची भाषा

मराठीच्या विद्यार्थ्याला या विषयात खास काम आहे, ते येथे. पुष्कळ छोट्या संकेतस्थळांवर छापील पत्रक छायाचित्र म्हणून चिकटवलेले असते, किंवा जुन्या टंकांतील मजकूर तसाच चढवलेला असतो. डोळ्यांना तो दिसतो, पण शोधयंत्राला तो वाचता येईलच अशी खात्री नसते. म्हणून मजकूर युनिकोड देवनागरीत टंकलिखित असावा.

दुसरे असे की, विशेषणांपेक्षा तपशील लिहावा. ‘दर्जेदार, रुचकर व किफायतशीर’ हे शब्द कोणत्याही चटणीला लागू पडतात. त्याऐवजी पुढील मजकूर वाचा :

‘भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरे व मीठ घालून कुटलेली शेंगाचटणी. पाव किलोचे पाकीट १०० रुपये. कमीत कमी चार पाकिटे. कुरिअरचा खर्च वेगळा. मागणी बुधवारपर्यंत नोंदवल्यास शुक्रवारी पाठवली जाते.’

येथे एकही विशेषण प्रशंसेचे नाही, तरी ग्राहकाच्या पाच शंकांचे निरसन झाले आहे. शब्द ग्राहकाच्या तोंडचे असावेत. तो ‘भुईमूग-मिश्रण’ शोधत नाही, ‘शेंगाचटणी’ शोधतो. ग्राहक परप्रांतीयही असतील तर हिंदी किंवा इंग्रजीतील मजकूर जोडावा, पण किंमत बदलताना ती सर्व भाषांत बदलण्याचे काम वाढते, हेही हिशेबात धरावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
योग्य की अयोग्य ते लिहा.
(अ) डोमेन नाव स्थळ बनवून देणाऱ्याच्या नावावर असणे अधिक सुरक्षित असते.
(आ) पत्रकाचे छायाचित्र चिकटवल्यास वेगळा मजकूर लिहिण्याची गरज उरत नाही.
(इ) मागण्या वाढल्यावर वाचणारा वेळ हा ऑनलाइन दुकानाच्या खर्चाचा मोबदला ठरतो.

४.३ सारांश

संकेतस्थळाचे एकपानी परिचयस्थळ, माहितीपर स्थळ, कामाचे दालन, नोंदणीस्थळ आणि ऑनलाइन दुकान असे पाच प्रकार आपण पाहिले. ग्राहकाने अखेर काय करावे, यावरून प्रकार ठरतो. देखभाल कोण करणार, यावरून त्याचा आवाका ठरतो. मालाचा स्वभाव, प्रत्येक मागणीमागे उरणारी रक्कम आणि खर्च होणारा वेळ यांचा हिशेब आधी मांडावा. डोमेनची मालकी स्वतःकडे ठेवावी, ग्राहकाची माहिती जपावी आणि मजकूर नेमका लिहावा. सोलापूरच्या त्या गृहिणीने प्रथम एक पान केले असते, तर तीस हजारांतील बहुतेक रक्कम शिल्लक राहिली असती आणि कांडपयंत्राची वाट मोकळी राहिली असती.

४.४ पारिभाषिक शब्द

डोमेन नाव : संकेतस्थळाचा जालावरील पत्ता.
होस्टिंग : संकेतस्थळाचा मजकूर व चित्रे साठवण्यासाठी भाड्याने घेतलेली जागा.
युनिकोड : जगातील लिप्यांतील अक्षरांना ठरावीक संकेत देणारी प्रमाणित पद्धती.
यूपीआय : बँक खात्यांतून मोबाइलद्वारे तत्काळ पैसे देण्या-घेण्याची भारतीय व्यवस्था.
ऑनलाइन बाजारपेठ : अनेक विक्रेत्यांचा माल एकत्र मांडणारे स्थळ.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (अ) स्थळ पाहून झाल्यावर ग्राहकाने अखेर काय करावे, या प्रश्नावरून. (आ) त्याच्या कामाचा दर्जा वर्णनापेक्षा नमुन्यांवरून अधिक कळतो म्हणून. (इ) शिल्लक मालाचा नेमका आकडा त्याला आधी सांगता येत नाही म्हणून.
प्रश्न – २ : (अ) अयोग्य. (आ) अयोग्य. (इ) योग्य.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ऑनलाइन बाजारपेठ आणि स्वतःचे संकेतस्थळ यांची तुलना करा.
२. ‘विकण्याची वस्तू आहे म्हणून ऑनलाइन दुकान हवेच असे नाही’ हे विधान उदाहरणासह स्पष्ट करा.
३. उदाहरणातील चटणीचा उत्पादनखर्च पाकिटामागे ७५ रुपये झाला, तर दोन्ही प्रकारच्या स्थळांचा वार्षिक खर्च निघण्यास किती मागण्या लागतील, ते काढा.

४.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील किंवा वस्तीतील एका लघुव्यावसायिकाची भेट घ्या. या घटकातील दोन प्रश्न त्यांना विचारा आणि मिळालेल्या उत्तरांवरून योग्य प्रकार सुचवा. त्यांच्यासाठी शंभर शब्दांचा मजकूर लिहून त्यांनाच वाचून दाखवा. त्यांनी केलेली प्रत्येक दुरुस्ती वहीत टिपून ठेवा. आपल्या ग्राहकाची भाषा त्यांना तुमच्यापेक्षा अधिक ठाऊक असते.